आधी विचारा, मग हात लावा: सॉफ्टवेअर कंपन्यांना अमळनेरहून खुलं पत्र

प्रति,
कॉम्प्युटरची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या तमाम कंपन्या, देशी आणि विदेशी
प्रत माहितीसाठी: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

अमळनेरला माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, शाळेच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, निवडणूक आली की पॅम्प्लेटं, असलं सगळं करतो आणि बाजूच्या टेबलावर ऑनलाइन फॉर्म भरून देतो. दोन कॉम्प्युटर आहेत, एक जुना आणि दुसरा त्याच्याहून जुना. दोन्ही माझ्या पैशानं घेतलेत, बिलं फायलीला लावलेली आहेत. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. बाहेर ४४ डिग्री, लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी मांड्यांची तयारी, आणि मुहूर्त चांगला म्हणून लग्नंही ढीगभर. त्यात मारवड गावाकडच्या एका बाबांच्या नातवाची पत्रिका माझ्याकडे होती. खान्देशातली पत्रिका म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, नवरा-नवरीची नावं दोन ओळीत आटपतात आणि मग निमंत्रक, व्यवस्थापक, प्रेषक, मामा, मावसे, आतेभाऊ, सरपंच, माजी सरपंच अशी साठ-सत्तर नावं येतात आणि कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून अख्खी भाऊबंदकी पेटते. चार वेळा प्रूफ झालं. पाचव्यांदा रात्री साडेअकराला बाबांनी फोनवर ओके दिलं, मी शेवटच्या दुरुस्त्या केल्या, फाईल तशीच उघडी ठेवली आणि नुसता मॉनिटर बंद करून घरी गेलो, कारण सकाळी सातला ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून प्रेसला प्लेटसाठी द्यायची होती.

सकाळी शटर वर केलं तर स्क्रीन निळी, मधे गोल फिरतंय आणि खाली लिहिलंय अपडेटचं काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ३८ टक्के. चहा घेऊन आलो, ३८. प्रेसवाल्याचा फोन आला, ३८. नऊला एकदाचं ते संपलं, फाईल उघडली, तर नवरदेवाच्या नावाच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. जुन्या मराठी फॉन्टवर काम केलेल्यांना लगेच कळलं असेल काय झालं ते. फॉन्टचं डोंगल, जे मागे यूएसबीत खोचल्याशिवाय मराठी उमटतच नाही, ते नव्या व्हर्जनला ओळखू येईना. साठ-सत्तर नावं, माजी सरपंचांसकट, सगळी टोपीवाली.

आता फाईल सेव्ह का नव्हती केली म्हणून कोणी शहाणपण शिकवू नका. केली होती म्हणून तर उघडली. शेवटची चार नावं तेवढी गेली होती.

साडेनवाला बाबा स्वतःच आले. "काय व्हयनं भो?" म्हटलं बाबा, कंपनीनं रात्रीतून कॉम्प्युटर अपडेट करून टाकला. बाबा स्टुलावर बसले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "तेस्नी तुले इचारं नही का?"

मला काही उत्तर देता आलं नाही. ते उत्तर तुमच्याकडे असेल म्हणून हे पत्र.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहिलं की बाकीच्या म्हणणार आमचा काय संबंध, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत तुम्ही सगळे एका माळेचे मणी आहात, ब्राउझर घ्या, अँटिव्हायरस घ्या, पीडीएफ वाचायचं घ्या, प्रिंटरचा ड्रायव्हर घ्या. शेतकऱ्याला समजेल असं सांगतो. आमच्याकडे केळीला ठिबक असतं. समजा ठिबकवाला रात्री दोनला कुंपण ओलांडून बागेत शिरला, नळ्या बदलल्या, व्हॉल्व्ह इकडचा तिकडे केला आणि सकाळी म्हणाला की भाऊ ह्या नळ्या आधीच्यापेक्षा भारी आहेत, तर शेतकरी काय करेल? नळ्या भारी असतीलही. पण आधी तो त्याला बागेबाहेर काढेल आणि मग नळ्यांकडे बघेल.

आणि तुम्हाला विचारता येत नाही असंही नाही. विंडोज एक्सपीत होतं, विंडोज ७ मध्येही होतं, सेटिंग उघडली की चार पर्याय समोर यायचे, एक म्हणजे आपोआप होऊ दे, दुसरा म्हणजे डाउनलोड कर पण टाकू की नको ते मी ठरवीन, तिसरा म्हणजे फक्त सांग, डाउनलोडही मी ठरवीन, आणि चौथा म्हणजे बघूच नको. चौथ्याच्या पुढे शिफारस नाही असं लिहिलेलं असायचं, बरोबरच होतं, पण ठेवला होता ना. मग २९ जुलै २०१५ ला विंडोज १० आलं आणि होम एडिशनवाल्यांचे हे पर्याय गेले. महागडं प्रो घेतलं तर ग्रुप पॉलिसी नावाच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन अजूनही "आधी विचार" असं लावता येतं. म्हणजे नाही म्हणायचा हक्क आहे, पण जास्त पैसे देणाऱ्याला.

त्याच काळात ७ आणि ८.१ वाल्यांना १० वर न्यायची घाई झाली होती, ती आठवते का? कोपऱ्यात रोज खिडकी यायची, फुकट आहे घ्या, फुकट आहे घ्या. २०१६ च्या मे महिन्यात तर कहर झाला, त्या खिडकीच्या लाल फुलीवर क्लिक करून ती बंद केली तरी अपग्रेडची ठरलेली वेळ तशीच राहायची. फुली म्हणजे नको, हे पहिलीतलं पोरगं सांगेल, आमच्याकडे ते उत्तर चुकलं तरी पेपरवर तीच मारतात. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंचा कॉम्प्युटर असाच परस्पर १० वर जायला लागला आणि बिघडला, बाई कोर्टात गेल्या, जिंकल्या, १० हजार डॉलर मिळाले. कंपनीनं पुढचं अपील सोडून दिलं. मारवडच्या बाबांच्या पत्रिकेसाठी मी कुठल्या कोर्टात जाऊ ते मात्र कोणी सांगत नाही, वकिलाची फी पत्रिकेच्या बिलाच्या दसपट होईल.

नंतर थोडी अक्कल आली हे कबूल करतो. कामाचे तास सांगायची सोय आली, आधी १२ तासांची होती, मग १८ झाली. जे ठरवतात त्यांनी लग्नसराईतलं डीटीपीचं दुकान पाहिलेलं नाही, आमचे तास चोवीसच्या चोवीस असतात. २०१९ च्या मे मध्ये होमवाल्यांनाही अपडेट थांबवायची सोय मिळाली, सात-सात दिवस करत ३५ दिवसांपर्यंत. त्यानंतर आधी ते अपडेट घ्यायचं, मगच परत थांबवता येतं. उधारी सारखंच झालं हे, मुदत वाढवून मिळते पण नाही म्हणता येत नाही.

थांबवायची सोय लागते कशाला? २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० चं एक मोठं अपडेट सुटलं आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फायली त्यात उडाल्या. चार-पाच दिवसांत ते मागे घ्यावं लागलं, दुरुस्त होऊन परत यायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. घाई करणारे फसले, थांबलेले वाचले. आम्ही मुद्दाम थांबतो ते याच्यासाठी, आळसापोटी नाही.

डेटाचं सांगतो. माझ्या दुकानातलं ब्रॉडबँड उन्हाळ्यात लाइट गेली की जातं आणि मग मी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करतो, रोजचा दीड जीबी असतो, त्यात दिवसभराचे फॉर्म सहज निघतात. एकदा सकाळी दहालाच डेटा संपल्याचा मेसेज. मी अजून एकही फॉर्म भरलेला नव्हता. कोणीतरी आतल्या आत खाऊन बसलं होतं. त्याहून गंमत म्हणजे विंडोज १० आलं तेव्हा होम आणि प्रो दोन्हीत एक गोष्ट मुळातच चालू करून दिलेली असायची, तुमच्या कॉम्प्युटरवर आलेलं अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्या अनोळखी कॉम्प्युटरला पुरवायचं. म्हणजे माझा डेटा, माझी वीज आणि वाटप तुमचं. पाणपोई घालायची तर आम्ही घालतो, आमच्याकडे उन्हाळ्यात गल्लोगल्ली असतात, पण त्याच्यावर नाव घालणाऱ्याचं असतं आणि त्याला विचारूनच त्याचा माठ नेतात.

पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांतलं तर बोलायलाच नको. बाहेर बाकावर पंधरा शेतकरी, हातात सातबारा आणि पासबुक, साइट आधीच रडत-रडत चाललेली, आणि ऐन वेळी ब्राउझर स्वतःहून नवा होऊन बसला आणि बोटाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ठसा ब्राउझरपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, त्याच्याशी बोलेना. मी मशीन काढतोय, लावतोय, ड्रायव्हर परत टाकतोय, तासभर गेला. एक जण कंटाळून एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेला, त्याचा फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला, त्याचं यायचं-जायचं भाडं वाया गेलं. ते भाडं तुमच्या कुठल्या रिपोर्टात येतं का?

ज्यांनी सरकारी टेंडरं भरलीत त्यांना २०१५ आठवत असेल. डिजिटल सही कितीतरी पोर्टलवर ब्राउझरमधल्या जावा प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या प्रोग्रामवर, चालायची. त्या सप्टेंबरात क्रोमनं असले प्लगइन कायमचे बंद केले आणि क्रोम तर स्वतःहूनच अपडेट होतो. प्लगइन बंद करणं सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच होतं, ते मी नाकारत नाही, पोर्टलवालेही झोपलेले होते. पण मधल्या मधे जो माणूस शेवटच्या दिवशी सही करायला बसला होता त्याला कोणी वाली नव्हता. मग आम्ही काय केलं, फायरफॉक्सचं जुनं व्हर्जन पेनड्राइव्हवर ठेवून हिंडलो, कितीतरी सेंटरवर तेच चालायचं. बघा म्हणजे, न विचारता पुढे ढकललं की माणूस उलटा मागे जाऊन बसतो, आणि ते जास्त धोक्याचं.

आमच्या लाइनीत आणखी एक दुखणं आहे, फॉन्टचं. विंडोज १० आलं तेव्हा मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट मूळ पॅकेटातून काढून वेगळ्या ऐच्छिक फीचरमध्ये टाकले. म्हणजे ७ वरून १० वर ढकललेल्या माणसाची मंगलमधली फाईल वेगळीच दिसायची शक्यता, आणि फॉन्ट गेला कुठे ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. याउलट अडोबीनं जुन्या टाइप १ फॉन्टचा सपोर्ट जानेवारी २०२३ मध्ये बंद केला तेव्हा ते बरंच आधी जाहीर केलं होतं. वाईट वाटलं, पण तयारीला वेळ होता, फायली बदलून ठेवता आल्या. फरक एवढाच असतो हो, सांगून केलं की माणूस बडबड करतो आणि कामाला लागतो.

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणणार, लोकांवर सोडलं तर लोक अपडेट करतच नाहीत आणि मग व्हायरस शिरतो. खरं आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय आला, दीडशेच्या आसपास देशांत पसरला, आणि त्याच्यावरचं औषध विंडोजनं मार्चमध्येच दिलेलं होतं, ज्यांनी घेतलं नाही ते सापडले. हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, सिक्युरिटीचं अपडेट आलं तर टाका बाबांनो, टाळू नका. मी स्वतः टाकतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते निघतं, मी त्यानंतरच्या रविवारी दुकान बंद असताना बॅकअप घेऊन बसतो.

पण त्याच वर्षी २७ जूनला दुसरा आला, नॉटपेट्या, आणि तो आला कुठून तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. दाराला कुलूप होतं, चावीवालाच चोर घेऊन आला. तिथून तो मर्स्क या जहाजवाहतुकीच्या कंपनीत शिरला आणि आपल्या इथे मुंबईजवळ जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनल बंद पडलं. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांच्या लक्षात आहे, क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटीवाल्यांनी आपल्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक खराब फाईल पाठवली, ७८ मिनिटांत मागेही घेतली, तेवढ्यात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडल्या आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून द्यायची वेळ आली. त्यातली खरी गोम अशी की कित्येक गिऱ्हाइकांनी मुद्दाम एक व्हर्जन मागे राहायचं सेटिंग लावून ठेवलं होतं, तेही पडले, कारण ही फाईल त्या सेटिंगला न जुमानता सरसकट सगळ्यांना जात होती. त्यांनी नको म्हटलेलं होतं. ऐकलं कोणी नाही. अपघातानंतर मग कंपनीनं ते कंट्रोल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं कबूल केलं.

म्हणून माझं मागणं काय आहे ते नीट ऐका, मी अपडेट बंद करा म्हणत नाही. सिक्युरिटीचं अपडेट वेगळं ठेवा आणि तुमचं नवं आयकॉन, नवी बाजूपट्टी, नवा मदतनीस वगैरे वेगळं ठेवा, औषधाच्या गोळीबरोबर गूळ-शेंगदाणे गिळायला लावू नका. येण्याआधी सांगा किती एमबी आहे, किती वेळ लागेल, काय बदलेल आणि कोणतं जुनं चालणं बंद होईल, मराठीत सांगा, आणि मशीनच्या भाषांतराचं नको, आम्हाला हसू येतं. बटणं दोन द्या, हो आणि नको. "आत्ता करा" आणि "आज रात्री करा" ही दोन बटणं म्हणजे पर्याय नाही, हे म्हणजे पाहुण्याला पुरणपोळी एक घेणार की दोन असं विचारणं झालं, तिथे ठीक आहे, इथे नाही. उघडी फाईल असताना मशीन रिस्टार्ट करायची नाही, काही झालं तरी नाही. आणि परत जायचा रस्ता ठेवा. विंडोज १० मध्ये मोठ्या अपडेटनंतर मागे फिरायला आधी ३० दिवस मिळायचे, २०१६ मध्ये ते १० केले. लग्नसराईत १० दिवसांत माणसाला आपलं नाव आठवत नाही, बिघडलंय काय ते कुठून कळणार.

हे जमतं, आणि जमवणारे तुमच्यातच आहेत. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये आजही साधी ओळ आहे, अपडेट शोध पण टाकायचं मला ठरवू दे. विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट उबंटूवाल्यांनी स्नॅप नावाची सॉफ्टवेअरची पॅकेज आणली तेव्हा तीही आपोआपच अपडेट व्हायची, लोक वर्षानुवर्षं भांडले, शेवटी २०२२ च्या अखेरीस पाहिजे तेवढा काळ रोखून धरायची कमांड आली. भांडायला एवढी वर्षं का लागावीत हा प्रश्न आहेच.

आणि आत्ता आम्ही काय करतो? वायफाय मीटर्ड म्हणून लावतो, म्हणजे कॉम्प्युटरला खोटं सांगतो की नेट महाग आहे. सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेटची सर्व्हिस डिसेबल करतो, तर तिला जिवंत करणारी दुसरी सर्व्हिस आत बसवलेली असते, तिचं नावच मेडिक, ती येऊन हिला उठवून बसवते. एक मित्र तर अहवालाचं काम असलं की नेटची वायरच उपटून खिशात घालून फिरतो. आपल्याच घरात चोरासारखं राहायचं, असं झालंय.

प्राधिकरणाच्या साहेबांना दोन शब्द. ३० नोव्हेंबर २०२३ ला तुम्ही डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे स्क्रीनवर गिऱ्हाइकाला गंडवायच्या क्लृप्त्यांबद्दल, नियमावली काढली, १३ प्रकार दिलेत, त्यात सारखी भुणभुण करणं आहे, फसवा प्रश्न आहे, फार चांगलं काम केलंत. पण त्यातला रोख मुख्यतः विक्रीवर आहे. विकून झाल्यावर विकलेली वस्तू परस्पर बदलणं हा प्रकार त्यात नाही, तो चौदावा म्हणून घाला. आयटी कायदा २००० चं कलम ४३ वाचलंय मी, कॉम्प्युटर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरलं, काही बिघडवलं, काम अडवलं तर भरपाई द्यावी लागते. कंपन्या म्हणतील परवानगी तर तुम्ही पहिल्याच दिवशी दिलीत, "मान्य आहे" वर टिचकी मारलीत. चाळीस पानी इंग्रजी करार, न मारावी तर मशीन चालू होत नाही. ती टिचकी परवानगी धरायची की नाही, हे एकदा तुम्ही ठरवून टाका.

जाता जाता गावाचं एक. तुमच्यातली एक बडी कंपनी, विप्रो, १९४५ साली आमच्या अमळनेरलाच सुरू झाली आणि तेव्हा ती वनस्पती तूप बनवायची. सॉफ्टवेअर फार पुढे आलं. त्या तुपाचा डबा गिऱ्हाइकानं घरी नेला की फडताळात तो रात्रीतून बदलत नव्हता. कंपनीला नवं काही सुचलं तर ते पुढच्या डब्यात यायचं आणि ते घ्यायचं की जुनंच पाहिजे ते बाई दुकानात उभी राहून ठरवायची.

बाबांची पत्रिका शेवटी मी डोंगल न लागणाऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये सगळी नव्यानं टाइप केली, दोन दिवस उशिरा छापली, आणि घाईत एका मावशींच्या मालकांचं नाव राहिलं. ते लग्नाला आले नाहीत. बाबा अजून दुकानासमोरून जाताना मान दुसरीकडे करतात.

उत्तर पाठवायचं तर छापील पाठवा, ईमेलचं सॉफ्टवेअर सध्या अपडेट होतंय.

आपला,
एक डीटीपीवाला
अमळनेर, जि. जळगाव